विहिरीतले सात फासे

माझ्या अण्णाला मी एकदा चारचौघांत खोटारडा ठरवलं. तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि अण्णा तारिहाळच्या एका कारखान्यात लोखंड कापायचं मिलिंग मशीन चालवायचा. आमचं घर हुबळीत, केशवापूरला. मी रोज बसनं धारवाडला कॉलेजला जायची. भूशास्त्र घेतलेल्या आम्ही तिघीच मुली होतो आणि त्याचा मला थोडा तोराही होता.

अण्णा माझा थोरला भाऊ, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. पी.यू.सी.त, म्हणजे बारावीला, एकदा नापास झाला, तेव्हा अप्पांनी, आमच्या वडिलांनी, परीक्षेला पुन्हा बस म्हणून खूप समजावलं. त्यानं ऐकलं नाही. आय.टी.आय. केलं आणि मशीनवर लागला. त्याला त्याचं वाईट वाटायचं असं कुणी समजू नये. जॉब, म्हणजे कापून तयार झालेला भाग, मशीनवरून उतरवल्यावर तो त्यावरून अंगठा फिरवायचा आणि कुठे किती कमी-जास्त झालंय ते मोजायच्या आधी सांगायचा. घरीसुद्धा त्याचा अंगठा स्वस्थ नसे. ताटाची कड, दाराची चौकट, आईच्या पोळपाटाची गोलाई, सगळं तो चाचपून बघायचा.

त्याच्या कारखान्यात अळणावरकडच्या एका खेड्यातला मित्र होता. शेतकरी घरातला, आपल्यासारखाच मराठी बोलणारा. सुट्टीच्या दिवशी अण्णा कधी कधी त्याच्या गावी जायचा. त्या उन्हाळ्यात मित्राच्या शेतात विहीर खणत होते. वरची तांबडी माती संपल्यावर पाटीसारखा दगड लागला, हातानं पापुद्रे सुटावेत असा. त्या पापुद्र्यांत तपकिरी रंगाचे चौकोनी खडे बसलेले होते. काढायला गेलं की अख्खे सुटून यायचे आणि मागे दगडात तेवढाच चौकोनी खळगा राहायचा. मित्राची आई त्यांना फासे म्हणायची. तिनं अण्णाला सात फासे निवडून दिले.

ते त्यानं जेवणाच्या डब्यात, मशीन पुसायच्या सुती धाग्यांच्या गुंत्यात, कॉटन वेस्टमध्ये, गुंडाळून आणले. मी अभ्यासाला बसले होते. त्यानं डबा माझ्या वहीवर ठेवला आणि झाकण काढलं.

"तंगी, बघ की. ओळख काय ते."

तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. लाडात आला की तो मला तंगी म्हणायचा आणि रागावला की माझ्या पूर्ण नावानं हाक मारायचा.

मी एक खडा उचलला. बोराएवढा असेल. सहा बाजू, सरळ कडा, नेमके कोपरे. न्हाणीघराच्या कामातून उरलेली टाइल आणली आणि तिच्या मागच्या खरखरीत बाजूवर तो घासला. पिवळट तपकिरी रेघ उठली. आठच दिवसांपूर्वी आम्हाला प्रॅक्टिकलला हे शिकवलं होतं, त्यामुळे मी फुशारून सांगितलं, "लिमोनाइट. लोखंडाचा गंजच म्हण. तांबड्या मातीत ढिगानं सापडतो."

"हां. आणि हा आकार?"

"आकाराचं काय?"

"गंजाला असे कोपरे येतात होय?"

मी पुस्तक काढलं. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं की लिमोनाइटला स्वतःचा स्फटिक नसतो. तो गोळ्यासारखा असतो, पोपड्यासारखा असतो, मातीसारखा असतो. घन नाही. मी ते वाचून दाखवलं. अण्णा म्हणाला, "तेच विचारतोय मी. त्याचा नसेल तर मग कुणाचा आकार आहे हा?"

किती नेमका प्रश्न होता! आज शिकवताना एखाद्या मुलीनं असा प्रश्न विचारला तर मी वर्ग थांबवीन. त्या दिवशी मी म्हटलं, "असतो कधी कधी तसा," आणि पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी मी आईला म्हटलं, "याला सांग, माझी परीक्षा जवळ आलीय."

मग तो स्वतःच कॉलेजात आला.

पहिली पाळी संपवून, कारखान्याच्या निळ्या कपड्यांतच, तो बसनं धारवाडला आला होता. मी वर्गातून बाहेर पडले तर हा आमच्या विभागाच्या व्हरांड्यात डबा घेऊन उभा. नखांत तेल होतं. बाहीवर वंगणाचा डाग होता. माझ्याबरोबर त्या दोघी मैत्रिणी होत्या आणि नेमके आमचे सर समोरून येत होते. हे सर म्हणजे माझं दैवतच होतं. त्यांनी एकदा माझ्या वहीवर लाल शाईनं "उत्तम" असं लिहिलं होतं आणि ते पान मी घरी सगळ्यांना दाखवलं होतं.

अण्णानं नमस्कार केला. "सर, मी हिचा भाऊ. एक विचारायचं होतं." मी काही म्हणायच्या आत त्यानं डबा उघडला.

सरांनी एक फासा उचलून उजेडाकडे धरला. "अरे वा. कुठे मिळाले हे?"

"अळणावरच्या बाजूला सर, विहिरीत. हिनं सांगितलं हे लिमोनाइट आहे, पण..."

सरांनी भिंगासाठी खिशात हात घातला. आता ते माझ्याकडे वळून विचारणार, मग हा आकार कसा आला, आणि मला सांगता येणार नाही. मैत्रिणींच्या देखत. आणि तेही अण्णासमोर, ज्याला मी तीन दिवस उडवून लावलं होतं. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात आलं. मी हसले आणि म्हणाले, "सर, अण्णा मिलिंग मशीनवर काम करतो. तुमची गंमत करतोय तो. लिमोनाइटचे तुकडे मशीनवर कापून आणलेत."

सरांचा हात खिशातून रिकामाच बाहेर आला.

"नाही सर," अण्णा म्हणाला. तो अजून हसतच होता, मी थट्टा करतेय असंच त्याला वाटत होतं. "कापलेले नाहीत. हे बघा..."

"रेघा दिसतात की सर," मी म्हटलं. "कटरच्या."

रेघा खरोखर होत्या. प्रत्येक बाजूवर बारीक, समांतर, केसासारख्या. सरांनी फासा डोळ्यांजवळ नेला, रेघा पाहिल्या आणि मोठ्यानं हसले. "फिनिश छान आहे हं! कारागीर आहात तुम्ही." त्यांनी फासा डब्यात ठेवला, अण्णाच्या पाठीवर थाप मारली आणि पुढे निघाले. मैत्रिणीही हसल्या.

अण्णा त्यांच्या मागे दोन पावलं गेला. "सर, कटरच्या खुणा अशा नसतात. या बाजूला रेघा आडव्या आहेत, शेजारच्या बाजूला उभ्या. आणि वरच्या बाजूला बघितलं तर..."

"अण्णा, पुरे आता," मी म्हटलं.

तो थांबला. झाकण लावायला त्याला जरा वेळ लागला. वेस्टचा धागा कडेत अडकत होता.

बस येईपर्यंत आम्ही स्टॉपवर शेजारी शेजारी उभे होतो. मग रस्त्याकडे बघत त्यानं विचारलं, "मी तुझ्याशी कधी खोटं बोललोय का?"

मी म्हटलं, "एवढं काय त्यात? सर काही रागावले नाहीत."

त्यानं मला पूर्ण नावानं हाक मारली नाही. तंगीही म्हणाला नाही. बस आली, आम्ही चढलो.

मला खरंच वाटत होतं का की त्यानं ते कापलेत? हा प्रश्न मी स्वतःला खूप वेळा विचारला आहे. अर्धं वाटत होतं. पुस्तकात घन नाही म्हटलंय आणि भाऊ मिलिंग मशीनवर आहे, एवढ्यावर माझी खात्री पटायला हरकत नव्हती. पण ज्यानं आयुष्यात आईपासून एक पेरू खाल्ल्याचंसुद्धा लपवलं नाही तो असला खोटेपणा का करील, हेही मला ठाऊक होतंच. मी सोयीचं तेवढं अर्धं उचललं.

त्याच आठवड्यात मावशीकडे सगळे जमले होते. तिथे मी हा किस्सा सांगितला, अण्णाच्या लगबगीची आणि सरांच्या हसण्याची नक्कल करून. लोक हसून लोळले. अण्णा पंगतीत वाढत होता. वड्यांचं ताट आलं तेव्हा मामा म्हणाले, "या वड्या एकसारख्या कशा? अण्णानं मशीनवर कापल्या वाटतं!" तिथून तो विनोद घरात राहिला तो राहिलाच.

दोन महिन्यांनी वार्षिक परीक्षा झाली. खनिजांच्या पेपरात टिपा लिहायच्या होत्या आणि त्यांत एक टीप होती, स्यूडोमॉर्फ. ती मी पाठ केली होती. एका खनिजाचा स्फटिक जमिनीत पडून असताना त्याची जागा कणाकणानं दुसरं खनिज घेतं. जुनं निघून जातं, नवं येतं, आणि बाहेरचा आकार मात्र पहिल्याचाच राहतो, पृष्ठावरच्या रेघांसकट. मी भराभर लिहीत होते. उदाहरण द्या, असं होतं. मी लिहिलं, पायराइटच्या घनांच्या जागी आलेला लिमोनाइट.

आणि पेन थांबलं.

ही ओळ मी वहीतून दहा वेळा वाचली होती. दहाही वेळा मला डबा आठवला नव्हता. पायराइट म्हणजे तो पितळेसारखा चमकणारा दगड, लोक सोनं समजून फसतात तो. त्याचे घन होतात, नेमक्या कोपऱ्यांचे. त्याच्या बाजूंवर बारीक रेघा असतात, आणि शेजारच्या दोन बाजूंवरच्या रेघा एकमेकींना काटकोनात असतात. अगदी हेच अण्णा व्हरांड्यात सरांच्या पाठीमागे सांगत होता. ज्या रेघा दाखवून मी त्याला खोटा पाडलं, त्याच त्याच्या खरेपणाचा पुरावा होत्या. कुठल्याही कटरला तशा काढता आल्या नसत्या, आणि हे त्या व्हरांड्यात फक्त त्याला कळत होतं, कारण कटर त्याचा होता.

मी टीप पुरी केली. आकृतीही काढली.

घरी आले तेव्हा अण्णा अंगणात आईचा स्टोव्ह उघडून बसला होता. "पेपर कसा गेला?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"चांगला गेला."

तेव्हा सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण ते सांगायचं तर सरांकडे जाऊन सांगावं लागलं असतं, मैत्रिणींना, मामांना, मावशीकडच्या सगळ्यांना सांगावं लागलं असतं. निकाल लागल्यावर सांगू, असं मी ठरवलं. निकाल लागला, मला पहिला वर्ग मिळाला, अण्णानं साऱ्या आळीत मिठाई वाटली. त्या दिवशी कसं सांगणार? मग तिसरं वर्ष, मग बी.एड., मग नोकरी, मग लग्न. न सांगण्याला प्रत्येक वेळी कारण मिळत गेलं, आणि पुढे पुढे कारणाचीही गरज उरली नाही.

अण्णा अळणावरकडे जायचा बंद झाला. माझ्या लक्षात आलं होतं. मी विचारलं नाही.

त्याचं लग्न झालं. पहिल्या दिवाळीला वहिनींनी नारळाच्या वड्या केल्या, त्या वेड्यावाकड्या कापल्या गेल्या, आणि कुणीतरी म्हणालंच, "अहो, नवऱ्याला द्यायच्या होत्या, त्यानं मशीनवर नेऊन कापल्या असत्या." वहिनींना काही कळेना. तेव्हा त्यांना सगळा किस्सा सांगण्यात आला, आणि माझी जुनी नक्कल आता मामा करत होते. अण्णा सगळ्यांबरोबर हसला. त्या हसण्याकडे पाहून मी मनाला समजावलं की तो विसरलाय.

यानंतर किती वर्षं गेली ते मोजवत नाही. मी धारवाडच्या शाळेत विज्ञान शिकवते, रायापूरला राहते. अप्पा गेले, आई गेली. अण्णाचा कारखाना दुसरीकडे हलला, तेव्हा तो घरी बसला. त्याचे गुडघे गेलेत. केशवापूरच्या घरात वहिनी, तो आणि त्याचा मुलगा असे तिघं असतात.

गेल्या वर्षी त्या मुलाचं लग्न ठरलं. बोलणी करायला मुलीकडची माणसं केशवापूरला आली होती. मुलीचे वडील सरकारी नोकरीतले, मोजून बोलणारे गृहस्थ. फराळाच्या बशा आल्या आणि मामांनी, ते आता ऐंशीच्या पुढचे आहेत, वडी हातात घेतली. पुढे काय होणार हे मला दिसलं. त्यांनी तो किस्सा त्या परक्या माणसांना अथपासून इतिपर्यंत सांगितला. मुलीचे वडील हसले नाहीत. त्यांनी अण्णाकडे पाहून शांतपणे विचारलं, "म्हणजे तुम्ही खरंच प्राध्यापकांना फसवायला गेला होता?"

अण्णानं हातातली बशी खाली ठेवली. त्याचा मुलगा जमिनीकडे बघत होता.

"नाही," मी म्हटलं. माझा आवाज इतका मोठा आला की वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "ते फासे खरे होते. जमिनीतून तसेच निघाले होते. अण्णा खरं बोलत होता. खोटं मी बोलले, आणि दोन महिन्यांत मला ते कळलंही होतं."

मग मला ते समजावून सांगावं लागलं. पायराइट, लिमोनाइट, रेघा. वर्गात शंभरदा सांगितलेलं असूनही माझी वाक्यं तुटत होती. मामा म्हणाले, "जाऊ दे गं, किती जुनी गोष्ट. चहा आणा." मुलीच्या वडिलांनी अण्णाला हळू आवाजात "माफ करा हं" म्हटलं. त्यांना तसं म्हणावं लागलं याची मला लाज वाटली, कारण त्या खोलीत ते शब्द म्हणायचं काम माझं होतं.

पाहुणे गेल्यावर मी अण्णापाशी गेले. तो मागच्या अंगणात खुर्चीवर बसला होता.

"आज कशाला काढलंस ते?" तो म्हणाला.

"तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. परीक्षेतच कळलं होतं मला, अण्णा. तुला माहीत नव्हतं म्हणून..."

"मला माहीत होतं."

मी त्याच्यासमोर पायरीवर बसले.

"कॉलेजातून आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी," तो म्हणाला. "एक फासा मशीनच्या व्हाइसमध्ये घट्ट आवळला आणि मधून कापला. बाहेर सगळा तपकिरी गंज. आत बरोबर मध्ये ज्वारीच्या दाण्याएवढा पिवळा ठिपका. पितळेसारखा चमकत होता. म्हटलं, हां, हे आधी सगळं असलं पिवळं असणार. गंज बाहेरून आत चाललाय. आकार त्या पिवळ्याचा. नाव काय ते ठाऊक नव्हतं मला."

"मग मला का नाही दाखवलंस?"

"दाखवणार होतो. दोन्ही अर्धे तुकडे खिशात घेऊन घरी आलो. त्याच दिवशी आपण मावशीकडे गेलो की."

मावशीकडे मी केलेली नक्कल मला आठवली.

"मग म्हटलं, हिच्या पुस्तकात कुठेतरी असेलच. वाचेल तेव्हा येईल सांगायला," अण्णा म्हणाला. मग कानडीत पुटपुटला, "होगली बिडु." जाऊ दे, सोड. आई गेली तेव्हाही तो मला असाच म्हणाला होता.

उरलेले सहा फासे त्यानं मित्राच्या आईला परत पाठवून दिले होते. कापलेल्याचे दोन्ही अर्धे तुकडे कारखान्यात त्याच्या मशीनखालच्या खणात होते. मशीन भंगारात गेलं, त्याबरोबर खणही गेला.

मी हट्टच धरला की आपण त्या गावी जाऊ. एक तरी फासा मिळेल, तो कॉलेजात आमच्या विभागात नेऊन देऊ, त्याच्या नावाची चिठ्ठी लावू. तो नको म्हणत होता. शेवटी माझ्यासाठी आला. एका रविवारी सकाळी आम्ही बसनं अळणावरला उतरलो, तिथून रिक्षानं गावात गेलो. मित्र आता बेळगावला मुलाकडे राहतो. घरी त्याचा धाकटा भाऊ होता. त्यानं ताक दिलं, विहीर दाखवली. विहिरीला आतून सिमेंटची कडी बसवलेली, दगड कुठे दिसतच नव्हता. खणलेला मुरूम कुठे टाकला म्हणून विचारलं तर म्हणाला, "तो तेव्हाच गावच्या रस्त्यावर पसरला. वर डांबर पडून पंधरा वर्षं झाली." फासे म्हटल्यावर त्याला काही आठवेना. त्याची आई होती तेव्हा देवाजवळ काही खडे असायचे, एवढंच तो म्हणाला. ती गेल्यावर घर नवीन बांधलं.

तरीही आम्ही बांधाच्या कडेनं तासभर शोधलं. म्हणजे मी शोधलं. अण्णाला खाली बसता येत नव्हतं. तो काठीनं माती उकरून द्यायचा आणि मी वाकून पाहायची. पाटीदगडाचे दोन तुकडे मिळाले. एकात चौकोनी खळगा असल्यासारखा वाटला, पण खात्रीनं सांगता येणार नाही. ऊन चढलं तेव्हा तो म्हणाला, "चल, बस चुकेल."

परतीच्या बसमध्ये त्याला खिडकीची जागा मिळाली. धारवाड येईपर्यंत आम्ही त्याच्या मुलाच्या लग्नाचं बोलत होतो, आचारी कोण, कार्यालय कुठलं. मग मी न राहवून विचारलं, "अण्णा, सरांनी तेव्हा भिंग काढून नीट बघितलं असतं, तर तू पुढे हे शिकला असतास का रे?"

"छे," तो म्हणाला. "मला कुठे शिकायचं होतं? माझं मशीन बरं होतं."

"मग?"

"तुला एकदा त्या विहिरीवर न्यायचं होतं. तेव्हा भिंतीभर होते. तू बघितले असतेस तर मला नावं सांगितली असतीस."

कंडक्टर रायापूर म्हणून ओरडला. मी उतरले. अण्णाची बस पुढे हुबळीला गेली.